बेपचा शेक आणि नागपंचमीचा तवा

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात माझा नवरा मिलिंद माझी ओळख करून देतो तेव्हा ‘ही एनर्जी सेक्टरमध्ये आहे’ असं म्हणतो. समोरचा माणूस पवनचक्क्या डोळ्यांपुढे आणून आदरानं मान हलवतो. मग मी सांगते, की मी सापांना शेक देते. त्यानंतर बहुतेकांना एकदम आठवतं, की आपण अजून समोसा घेतलेला नाही.

या वर्षी मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या त्या कामाबद्दल’ लिहायला सांगितलं. ‘त्या’ या शब्दावर त्यांचा आवाज जरा खाली गेला होता. तेव्हा आधी खुलासा करते. मी सापाला हात लावत नाही. कधीच लावलेला नाही. साप धरणं हे मालकाचं काम. त्याच्या घराची, म्हणजे डब्याची, कपाटाची, काचेच्या पेटीची ऊब ठरवणं हे माझं. गॅस दुरुस्त करणाऱ्याला स्वयंपाक यावाच लागतो असं थोडंच आहे!

मी विजेच्या कामातली डिप्लोमा. लग्नाआधी भोसरीला एका कारखान्यात खारी-बिस्किटांच्या भट्ट्यांचे हीटर तयार करायचे. मिलिंदबरोबर डिपेन्डन्ट व्हिसावर नेदरलँड्सला आले, लायडस्खेनडाम-फोरबर्गमध्ये घर थाटलं आणि पडदे धुऊन धुऊन कंटाळले. एकदा फिरायला गेले असता सरपटणाऱ्या प्राण्यांचं एक दुकान दिसलं. काचेत एक पाल बसली होती, तिच्यावर दिवा, आणि दिव्याची वायर लाकडी फळीवर वितळून चिकटलेली. मला राहवेना. आत गेले आणि शिकाऊ डचमध्ये, जिथे डच संपेल तिथे मराठीत, दुकानदाराला झापलं. तो शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, की मग तुम्हीच करून द्या. तो माझा इथला पहिला जॉब इंटरव्ह्यू.

आता धंद्याची गोष्ट, अगदी सोप्या भाषेत. सापाला आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. गरम जागी गेला की गरम, गार जागी गेला की गार. त्याला जेवण पचवायचं असेल, आजारातून उठायचं असेल, तर बाहेरून ऊब लागते. पण घर सगळंच गरम करून चालत नाही. एक बाजू गरम हवी आणि दुसरी गार, म्हणजे तो आपला आपण ठरवतो कुठे बसायचं ते. लोक घरी कपाट बनवतात, त्यात ड्रॉवरसारखे डबे सरकवतात आणि प्रत्येक डब्यात एक साप. खाली किंवा मागे हीटिंग मॅट लावायची. आपल्या कंबरेला शेक द्यायची विजेची पट्टी असते, तिची सख्खी बहीण. तिच्यावर थर्मोस्टॅट हवा. थर्मोस्टॅटची एक बारीक वायर डब्यात जाते, तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा सेन्सर. तो सांगतो गार आहे, की मॅट चालू. तो सांगतो पुरे, की बंद. सेन्सर खोटं बोलला तर सगळंच खोटं. म्हणून मी नेहमी दुसरा पहारेकरी बसवते, थर्मल फ्यूज. थर्मोस्टॅटला वेड लागलं तरी हा जास्त तापल्यावर स्वतः जळतो आणि वीज तोडतो. तो एकदाच कामाला येतो, मग नवा घालायचा. दुसरा पहारेकरी नसेल तर मी प्लग लावत नाही, गिऱ्हाईक कोणीही असो. हे माझं सोवळं.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग असतात. एका बाईंना पडद्यांना शोभेल अशा नारिंगी रंगाची उष्णता हवी होती. मॅटला उजेड नसतो, ती नुसती गरम होते, हे मी त्यांना तीनतीनदा सांगितलं. ‘पण मग ती चालू आहे हे पाहुण्यांना कसं कळणार?’ हा त्यांचा प्रश्न. दुसऱ्या एकानं जुन्या मोटारीची तापणारी सीट अख्खीच्या अख्खी पेटीत घातली होती. साप त्यावर ऐटीत बसलेला, फक्त पट्टा तेवढा लावायचा बाकी होता.

ब्रेडा गावात राहणारा सौरभ आपल्याच पुण्याचा, आयटीतला. त्याच्या बायकोनं, केतकीनं, हौसेनं साप पाळला. घर कट्टर शाकाहारी, आणि साप काही वरणभात खात नाही. त्याच्यासाठी गोठवलेले उंदीर आणावे लागतात. ते ठेवायचे फ्रीझरमध्ये, मोदकांच्या शेजारी. आल्यागेल्यानं चुकून उघडू नये म्हणून केतकीनं त्या डब्यावर ठसठशीत अक्षरांत ‘उपवासाचं’ असं लिहून ठेवलं. पोरगी हुशार, पण तिची सासू नेमकी आषाढी एकादशीच्या आधी पुण्याहून आली. पुढचं मी सांगत नाही. मी तिथे हीटिंगच्या कामाला गेले तेव्हा सासूबाई माझ्याशी बोलत होत्या, सुनेशी नाही. माझ्या पिशवीतला जादाचा थर्मल फ्यूज मी त्यांच्याकडे बसवला. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

कारण ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले, तो प्रसंग त्यानंतरच्या रविवारचा. बाडहूव्हडॉर्पला हेंक राहतो. विमानतळावर विमानात जेवण चढवण्याच्या कामावर होता, आता निवृत्त. बायको फार पूर्वी सोडून गेली. राहिली ती बेप. बेप म्हणजे अजगराच्या धाकट्या जातीची, आखूड, गुबगुबीत मादी, तपकिरी अंगावर सोनेरी ठिपके. हेंकच्या तरुणपणापासून ती त्याच्याबरोबर. ‘बेपला ती आवडली नव्हती,’ एवढंच तो बायकोबद्दल सांगतो.

बेपचं घरही त्यानं स्वतः बनवलं होतं, विमानातल्या जेवणाच्या मोडीत निघालेल्या दोन ट्रॉल्या मधली भिंत कापून एकत्र जोडून. जिथे कधीकाळी ‘चिकन की पास्ता’ ठेवलेलं असायचं, तिथे प्लॅस्टिकचा रुंद डबा आणि त्यात बेप. बाहेरून सगळं ॲल्युमिनियम, झळझळीत पुसलेलं. खाली चाकं, त्यांना ब्रेकसुद्धा. विमान कंपनीचं चिन्ह खरवडून तिथे त्यानं हातानं ‘बेप’ रंगवलं होतं.

हेंकचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज बसलेला होता. बेपला छातीचा संसर्ग झालाय, श्वास घेताना शिटी वाजते, प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलंय, पण सांगितलंय की ती एकसारखी उबेत राहिली तरच औषध लागू पडेल, नाही तर या वयात ती वाचणार नाही. आणि काल ट्रॉलीतली जुनी मॅट जळाली. बाहेर ऑगस्टातला इथला पाऊस, गार, तिरका. मी म्हटलं, खोली तरी गरम कर, रेडिएटर लाव.  तो म्हणाला, ‘ऑगस्टमध्ये?’

हे समजून घ्यायला इथे राहावं लागतं. या देशात काही माणसांसाठी ऑक्टोबरच्या आधी हीटिंग लावणं म्हणजे चारित्र्य गमावणं. हेंकची आई लावत नसे, आजी लावत नसे. तो स्वतः दोन स्वेटर घालून बसेल, नाक गळेल, पण बटण फिरवणार नाही. मी लगेच येते म्हटलं आणि फोन ठेवला.

मागे माझ्या सासूबाई, म्हणजे आई, उभ्या. तीन महिन्यांसाठी कराडहून आल्या होत्या. आमचं तसं बरं जमतं. माझ्या कामाबद्दल त्यांनी कधी नाक मुरडलं नाही, उलट कराडच्या भिशीत त्यांनी ‘सून साप सांभाळते’ असं सांगून स्वतःचा दरारा वाढवून घेतलेला. पण त्या दिवशी त्यांचं तोंड निराळं होतं.

‘आज नागपंचमी आहे,’ त्या म्हणाल्या.

मी विसरलेच होते. ओट्यावर पुरण तयार होतं, दिंडं उकडायला मोदकपात्र मांडलेलं. आमच्याकडे नागपंचमी कडक. त्या दिवशी काही चिरायचं नाही, कापायचं नाही, टोचायचं नाही, खणायचं नाही, तळायचं नाही आणि मुख्य म्हणजे चुलीवर तवा ठेवायचा नाही. नागाला चटका बसतो. त्या दिवशी नाग हा बाईचा भाऊ असतो. जे काय करायचं ते उकडून.

‘आणि तू,’ आई म्हणाल्या, ‘आजच्या दिवशी भावाच्या बुडाखाली तवा ठेवायला निघालीस.’

मी सांगितलं, आई, तो तवा नाही, मॅट आहे. त्यांनी विचारलं, कशावर लावणार? म्हटलं, ॲल्युमिनियमच्या पत्र्याखाली. ‘पत्रा, खाली जाळ, वर नाग. मग तवा आणखी कसा असतो गं?’

आणि खरं सांगते, मी तिथेच अडकले. कारण त्यांचं बरोबर होतं. ॲल्युमिनियमखाली मॅट लावली तर उष्णता सगळीकडे पसरते, गार कोपरा उरतच नाही, आख्खी ट्रॉली तापते. मग दुसरं काय? दिवा लावायला उंची नाही, साप दिव्याला विळखा घालतो आणि भाजतो. गरम होणारी केबल फिरवायची तर पत्र्याला भोकं पाडायला हवीत, आणि भोकं म्हणजे टोचणं आलं. राहता राहिली मागची भिंत. डब्याच्या मागे, थोडी फट ठेवून, मॅटसारखंच गरम होणारं उभं पॅनल लावायचं. मागे ऊब, दाराकडे गारवा. मी कसंबसं समजावलं. आईंनी बराच विचार केला.

‘भिंतीला लावलेला तवा नसतो,’ त्यांनी निकाल दिला. ‘भिंतीवर काय पोळी भाजतात?’

मला तंदूर आठवला. मी तोंड मिटून घेतलं.

आई बरोबर येणार हे त्यांनी स्वतःच ठरवलं. दिंडांचा डबा, लाह्या, हळदकुंकू आणि दूर्वांऐवजी आमच्या मागच्या अंगणातलं गवत. गाडीत त्यांनी एकच विचारलं, बेपला फणा आहे का? नाही म्हटल्यावर जरा हिरमुसल्या. मग म्हणाल्या, ‘असू दे. परदेशात जे मिळेल ते.’

हेंक दारात उभा. दोन स्वेटर, डोळे लाल. आईंनी त्याला नमस्कार केला आणि त्या क्षणापासून तो हेंकराव झाला. घरात माझ्या तोंडची वाफ दिसावी इतका गारठा. बेप ट्रॉलीत वेटोळं करून पडली होती, तोंड थोडं उघडं, आणि दर श्वासाला कुकरची शिटी दुरून ऐकू यावी तसा बारीक आवाज. आईंचा चेहराच उतरला. ‘अगं, हिला दमा आहे गं,’ असं त्या माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलल्या.

मी कामाला लागले. असं काम मी पूर्वी केलं नाही आणि पुन्हा कोणी सांगितलं तर हाकलून देईन. ड्रिल वापरायचं नाही. कात्री नाही. स्क्रू म्हणजे टोचणं, तेही नाही. पॅनल भिंतीलाच का, हे मी हेंकला आईंच्या तव्याच्या निकालासकट सांगितलं आणि ते त्याच्या कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी अडकवलं. उष्णता सोसणारी चिकटपट्टी दातांनी तोडली. दात लागेनात तेव्हा आईंनी तोडली, कवळी असून. हेंक हे सगळं बघत होता. शेवटी त्यानं हळूच विचारलं, भारतात विजेची कामं अशीच होतात का? मी म्हटलं, सणासुदीला.

पॅनल बसलं, फ्यूज बसला, थर्मोस्टॅट जोडला, सेन्सरची वायर डब्यात बेपच्या बाजूला सोडली. प्लग लावला. पॅनलला हळूहळू ऊब यायला लागली आणि मी हुश्श केलं. आईंना पूजा करायची होती. हेंकनं डबा बाहेर ओढला. त्यांनी लांबून लाह्या टाकल्या, गवत वाहिलं, आणि नैवेद्याला दूध मागितलं. साप दूध पीत नाही हे मी सांगितलं. ‘मला माहीत आहे,’ त्या म्हणाल्या, ‘गणपती तरी कुठं मोदक खातो?’ हेंकनं फ्रीजमधलं दूध वाटीत ओतून दिलं. आईंनी वाटी डब्याच्या पुढच्या कोपऱ्यात ठेवली, हात जोडले, डबा आत ढकलला. मग आम्ही कॉफी घ्यायला बसलो. कॉफीबरोबर एकेक बिस्किट मिळालं आणि बिस्किटांचा डबा कपाटात गेला. आईंनी हेंककडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि आपला दिंडांचा डबा उघडा करून मध्ये ठेवला.

थोड्या वेळानं माझं लक्ष थर्मोस्टॅटकडे गेलं. आकडा वाढायच्या ऐवजी उतरत होता. पॅनलचा दिवा तर लालभडक, म्हणजे पूर्ण जोरात चालू. हेंक म्हणाला, बिघडलंय. मलाही आधी तेच वाटलं. तेवढ्यात आतून धप्प असा आवाज आला. बेपनं डब्याच्या पुढच्या बाजूवर तोंड आपटलं होतं. ती मागच्या बाजूपासून दूर पळत होती. मी पॅनलजवळ हात नेला तर चटका बसेल अशी धग. प्लगकडे धावले, आणि मी पोचायच्या आधी टक असा आवाज होऊन दिवा विझला. दुसऱ्या पहारेकऱ्यानं जीव दिला होता.

हेंकनं डबा बाहेर काढला. बेप पुढच्या कोपऱ्यात दाबून बसलेली, भाजली नव्हती. आणि तिच्याजवळ दुधाच्या वाटीत, अगदी तळाशी, माझा सेन्सर बुडालेला.

‘ती सुई तिला टोचत होती,’ आई म्हणाल्या. ‘मी उचलून वाटीत ठेवली. टोचायचं नसतं ना आज.’

म्हणजे थर्मोस्टॅट बिचारा फ्रीजमधल्या दुधाला बेप समजून तापवत बसला होता. दूध काही तापेना, म्हणून तो आणखी जोर लावत होता. मला हसावं की रडावं कळेना. आईंना मात्र कळलं. त्यांनी वाटी बाहेर काढली आणि सेन्सर पदरानं पुसला.

नवा फ्यूज पिशवीत नव्हता. तो ब्रेडाला, ‘उपवासाच्या’ घरी. सोमवारशिवाय मिळणार नव्हता. हेंक म्हणाला, फ्यूजशिवाय जोड, मी इथेच बसून नजर ठेवतो. मी नाही म्हटलं. त्यानं पुन्हा विनवलं. तो रडकुंडीला आला होता आणि मी दगडासारखी उभी होते. ‘नाही, हेंक. आत्ता काय झालं ते तू पाहिलंस. फ्यूज नसता तर आज मी तुझी बेप भाजली असती.’ मग रेडिएटर लाव म्हटलं, तर तो खिडकीबाहेर बघायला लागला. आईंना म्हटलं, उद्यापर्यंत गरम विटा वगैरे तव्यावर तापवून ठेवता येतील, तर त्यांनी कानांवर हात ठेवले. घ्या! एकाचा ऑगस्ट, एकीचा तवा, एकीचा फ्यूज. तिघंही आपापलं सोवळं धरून बसलेले, आणि मध्ये ती म्हातारी शिट्टी वाजवत गारठत चाललेली.

कोंडी कुणी फोडली, तर आईंनी. म्हणजे त्यांनी काही केलं नाही, त्या नुसत्या रडायला लागल्या. ट्रॉलीसमोर जमिनीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, ‘आजच्या दिवशी माझ्या हातून भावाला चटका बसला असता. आणि आता तो थंडीनं जाणार.’ हेंकला मराठीचं अक्षर येत नाही. त्यानं मला विचारलं, काय म्हणतायत? मी शब्दाला शब्द सांगितलं. ‘भाऊ?’ त्यानं विचारलं. म्हटलं, हो, आज तुझी बेप त्यांचा भाऊ आहे.

हेंक उठला. भिंतीवरच्या हीटिंगच्या बटणापुढे जाऊन बराच वेळ उभा राहिला. आम्ही दोघी बघत होतो. मग त्यानं डोळे मिटून ते फिरवलं. पाइपांत खळखळ झाली, सगळे रेडिएटर कण्हायला लागले. थोड्याच वेळात शेजारीणबाई दार वाजवत आल्या, छपरावरच्या नळीतून वाफ दिसली म्हणून. हेंक बरा आहे ना, घरात काही वाईट तर झालं नाही ना, हे विचारायला. हेंकनं त्यांना फक्त ‘बेप’ एवढंच सांगितलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरून रबरी शेकाच्या पिशव्या आणून दिल्या.

बेपला पुरेशी ऊब मिळायला खोलीच्या उबेच्या वर आणखी शेक हवा होता. तो आईंनी दिला. पातेल्यात पाणी गरम करायला त्यांच्या शास्त्राची हरकत नव्हती, ती उकडच झाली. पिशव्या भरायच्या, हेंकच्या लोकरी मोज्यांत घालायच्या आणि डब्याच्या मागच्या बाजूला ठेवायच्या. पाणी किती गरम, ते मी मीटरनं बघायचे आणि आई कोपरानं, तान्ह्या बाळाच्या अंघोळीला बघतात तसं. आमचं दर पिशवीला भांडण व्हायचं. गार झाली की बदलायची. अशी दुपार गेली, संध्याकाळ झाली. मधल्या वेळात आई बेपला नागपंचमीची कहाणी सांगत होत्या, शेतकऱ्याच्या नांगराखाली पिल्लं मेल्यापासून पुढची सगळी. नागीण सूड घ्यायला जाते तो भाग त्यांनी आजारी माणसापुढे नको म्हणून गाळला. कहाणी संपता संपता बेप हलली, सरकत सरकत मागे गेली आणि मोज्यातल्या पिशवीला गुंडाळून बसली. हेंक स्वेटर काढून बसला होता. त्याच्या घरात ऑगस्टमध्ये घाम येण्याची ही पहिलीच वेळ असावी.

दुसऱ्या दिवशी फ्यूज मिळाला. मी ड्रिल, स्क्रू, कात्री, सगळी हत्यारं घेऊन गेले आणि सगळं पक्कं केलं. पुढच्या काही आठवड्यांत बेपची शिट्टी थांबली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कामात सेन्सरला एक पितळी क्लिप असते, डब्याला रिव्हेटनं ठोकलेली. देवानं स्वतः येऊन ओढला तरी सेन्सर हलत नाही. तो पालीच्या दुकानाचा मालक तिला काहीतरी गुळगुळीत इंग्रजी नावानं विकतो. आमच्या घरात तिचं नाव ‘सासूबाईंची क्लिप’, आणि ते सासूबाईंनीच ठेवलंय.

आई कराडला परत गेल्या. पण हेंकरावांचे व्हिडिओ कॉल सुरू झाले. तो डचमध्ये बोलतो, त्या मराठीत बोलतात, फोन ट्रॉलीपुढे धरला जातो आणि दोघांचंही समाधान होतं. नागपंचमीला हेंक उकडलेले बटाटे खातो. फ्राइंग पॅन त्या दिवशी कपाटात असतं. शेजारीणबाईंनाही त्यानं सांगून ठेवलंय. त्या त्याला थोडा वेडा समजतात, पण अंडी उकडून खातात.

बेप या वसंतात गेली. म्हातारपणानं, वेटोळं करून, गरम बाजूला. मी गेले होते तेव्हा हेंकनं तिला मागच्या बागेत पुरलं होतं, वर ट्यूलिप नाही, कांदापात लावली होती, का ते मी विचारलं नाही. मला वाईट वाटतं ते एकाच गोष्टीचं. इतकी वर्षं तिला ऊब दिली, पण मी तिला एकदाही हात लावला नाही.

यंदाच्या नागपंचमीला मी दिंडं घेऊन हेंककडे गेले. मनात होतं, की ट्रॉलीचं वायरिंग सोडवून टाकावं, रिकाम्या जागेला वीज कशाला जाळायची. बाहेर पुन्हा तोच पाऊस, घर गार, हेंक दोन स्वेटरमध्ये. मी स्क्रूड्रायव्हर काढला, ट्रॉलीला हात लावला, आणि ती उबदार लागली. आकडा बरोबर होता, बेपच्या वेळी मी लावून दिलेलाच. डबा स्वच्छ पुसलेला, आत नवा कागद.

तेवढ्यात आईंचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन ट्रॉलीकडे वळवला आणि सांगितलं, की हेंकरावांनी रिकाम्या घराला अजून शेक ठेवलाय.  आई म्हणाल्या, ‘त्याला सांग, बाबा रे, आता ती नाही. आणि आज तरी तवा बंद ठेव.’

मी ते हेंकला सांगितलं. तो ट्रॉलीसमोर येऊन उभा राहिला, माझ्या आणि ट्रॉलीच्या मध्ये.

‘भिंतीला लावलेला तवा नसतो,’ तो म्हणाला. ‘त्यांनीच सांगितलं होतं.’

‘तवा’ त्यानं मराठीतच म्हटलं. बाकीचं मी आईंना सांगितलं. त्यांनी पदरानं चष्मा पुसला.

‘बरोबर आहे त्याचं,’ आई म्हणाल्या. ‘राहू दे गं.’

मी स्क्रूड्रायव्हर पिशवीत ठेवला. हेंक आत गेला आणि उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं घेऊन आला.